अर्ध्यावर तोडलेला खेळ

दिल्लीच्या नाटक-गाण्याच्या जगात वावरणाऱ्या कित्येकांचं नवं वर्ष गेली साडेतीन दशकं ठरलेल्या दोन ठिकाणी सुरू होतं. पहिलं ठिकाण झंडापूर. साहिबाबादच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेली ही कामगारांची वस्ती दिल्लीच्या वेशीपलीकडे, उत्तर प्रदेशातल्या गाझियाबाद जिल्ह्यात येते. तिथल्या आंबेडकर पार्कात १ जानेवारीला सिटू या कामगार संघटनेचे लोक जमतात, भाषणं होतात आणि जन नाट्य मंचाची, म्हणजे ‘जनम’ची मंडळी पथनाट्य करतात. दुसरं ठिकाण दिल्लीच्या ऐन मध्यभागातलं. तिथे ‘सहमत’, म्हणजे सफदर हाश्मी मेमोरियल ट्रस्ट, दिवसभर गाणी, कविता, नृत्य आणि चित्रांचा कार्यक्रम घेतं. अनेक वर्षं तो रफी मार्गावरच्या विठ्ठलभाई पटेल हाउसच्या हिरवळीवर व्हायचा. दिल्लीतली जानेवारीची थंडी, शाली पांघरून बसलेले श्रोते, कडेला पुस्तकांचे आणि पोस्टर्सचे स्टॉल, आणि मंचावर एकामागून एक येणारे लोक. कुणी ख्याल गाणारं, कुणी सूफी कलाम, कुणी उर्दूत नज्म वाचणारं. तिकीट नाही.

या दोन्ही जमावांचं मूळ एकाच सकाळी आहे.

१ जानेवारी १९८९. रविवार होता. गाझियाबादच्या नगरपालिका निवडणुकीचा प्रचार चालू होता आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवाराच्या बाजूनं ‘जनम’चा चमू झंडापुरात ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य करत होता. त्याआधी नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातल्या औद्योगिक कामगारांनी सात दिवसांचा संप केला होता. महिना १०५० रुपये किमान वेतन ही त्यांची एक मुख्य मागणी. त्या संपाच्या तयारीसाठी ‘जनम’नं ‘चक्का जाम’ नावाचं नाटक केलं होतं आणि संपानंतर त्यातूनच ‘हल्ला बोल’ घडलं होतं. झंडापुरातले प्रेक्षक म्हणजे तो संप केलेले लोक. खेळ रंगात आला असताना काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराची मिरवणूक तिथे येऊन धडकली. थोडं थांबा, नाहीतर दुसऱ्या वाटेनं जा, असं सफदर हाश्मीनं पुढे होऊन सांगितलं. उत्तरादाखल लाठ्या आणि लोखंडी सळ्या निघाल्या, गोळ्या झाडल्या गेल्या. कलाकार आणि कामगार सिटूच्या कार्यालयाकडे धावले. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून सफदर मागे राहिला आणि हल्लेखोरांच्या हाती सापडला. दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय चौतीस.

त्या सकाळी आणखी एक माणूस मारला गेला. रामबहादूर त्याचं नाव. नेपाळहून पोटासाठी आलेला हा कामगार गोळी लागून गेला. सफदरचं नाव पुढे रस्त्याला मिळालं. दिल्लीत मंडी हाउसजवळ, श्रीराम सेंटर ज्या रस्त्यावर आहे, तो आज सफदर हाश्मी मार्ग आहे. रामबहादूरचं नाव मात्र झंडापूरच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. हा लेख ज्या परंपरेबद्दल आहे तिच्या दृष्टीनं ही उणीव छोटी नाही. ज्यांच्यासाठी नाटक उभं राहिलं त्यांच्यातलाच एक जण त्या दिवशी गेला. सफदरची आठवण काढताना त्याचंही नाव घेतलं गेलंच पाहिजे.

३ जानेवारीला अंत्ययात्रेत हजारो लोक चालले. आणि ४ जानेवारीला, सफदर गेल्याला पुरते दोन दिवसही झाले नव्हते तेव्हा, ‘जनम’ त्याच जागी परत गेलं आणि अर्ध्यावर तोडलेलं ‘हल्ला बोल’ पूर्ण केलं. सफदरची पत्नी मलयश्री हाश्मी त्या प्रयोगात होती. ती ‘जनम’ची पहिल्यापासूनची अभिनेत्री. शोकसभा घेता आली असती, निषेधाचं पत्रक काढता आलं असतं. ‘जनम’नं नाटक केलं. पुढे ‘सहमत’नं जे जे केलं त्याची रीत या एका प्रयोगात ठरून गेली, असं मागे वळून पाहताना वाटतं. जिथे थांबवलं गेलं तिथे जायचं, आणि थांबवलेलं काम तिथेच उभं राहून करायचं.

हे बळ एका दिवसात आलेलं नव्हतं. भारतीय जननाट्य संघ, म्हणजे ‘इप्टा’, मुंबईत १९४३ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, हा इतिहास मराठी वाचकाला घरचा आहे. दिल्लीत ‘इप्टा’च्या कामात नव्यानं जीव ओतू पाहणारे विद्यार्थी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आले आणि त्यातून १९७३ मध्ये ‘जनम’ निघालं. सुरुवातीला ही मंडळी मोठी, मंचावरची नाटकं करायची. मोकळ्या मैदानात मंच बांधून हजारो लोकांपुढे प्रयोग. मग आणीबाणी आली. ती उठली तेव्हा कामगार संघटनांचे खिसे रिकामे होते. मोठ्या नाटकाचा खर्च त्यांना झेपेना आणि नाटक तर हवंच होतं. मंच, दिवे, पडदे, वाहतूक यांतलं काहीच न लागणारं, छोटं आणि स्वस्त नाटक ही त्या अडचणीतून निघालेली वाट.

‘मशीन’ हे त्यातलं पहिलं, १९७८ सालचं, जेमतेम तेरा मिनिटांचं. गाझियाबादच्या एका कारखान्यात कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी कँटीन मागितलं होतं. एवढ्याशा मागणीवरून संघर्ष पेटला, सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले. यावर नाटक कसं करायचं? ‘जनम’च्या कलाकारांनी स्वतःच्या शरीरांचं यंत्र केलं. कुणाचा हात दट्ट्यासारखा वर-खाली, कुणाची मान चाकासारखी, तोंडानं काढलेला घरघराट आणि फुसफुस, सगळ्यांची लय एकमेकांत अडकलेली. पाहणाऱ्याला कारखाना दिसू लागतो न लागतो तोच यंत्र थांबतं. का थांबलं, या प्रश्नातून नाटक सुरू होतं. नेपथ्य नाही, सामान नाही. कारखान्यात आठ-आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला त्या हालचाली समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्याचे खांदे त्या हालचाली ओळखतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत कामगार संघटनांच्या मोठ्या मेळाव्यात ‘मशीन’ झालं, आणि देशभरातून आलेले प्रतिनिधी ते आपापल्या गावी घेऊन गेले. नाटक पसरलं ते असं, प्रतिनिधींच्या पिशव्यांतून आणि डोक्यांतून.

पाठोपाठ ‘औरत’ आलं, ‘गाँव से शहर तक’ आलं. दिल्लीच्या बसची भाडेवाढ झाली तेव्हा ‘डीटीसी की धांधली’ तातडीनं रचून बसथांब्यांवर नेलं गेलं. सफदरच्या हयातीत ‘जनम’नं चोवीस पथनाट्यांचे सुमारे चार हजार प्रयोग केले. यातला प्रत्येक प्रयोग ताशीव होता असं कुणी म्हणणार नाही. पण सफदरला घाईचं नाटक म्हणजे हलकं नाटक हे मान्य नव्हतं. प्रेमचंदांच्या ‘सत्याग्रह’ या कथेवरून त्यानं ‘मोटेराम का सत्याग्रह’ लिहिलं आणि १९८८ मध्ये ते हबीब तन्वीर यांच्या दिग्दर्शनात झालं. तो इंग्रजीचा प्राध्यापक होता, पत्रकार होता, पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतल्या माहिती कार्यालयात अधिकारी होता. १९८४ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ या कामात आला. मुलांसाठी त्यानं लिहिलेल्या कविता हिंदी शाळांमधून आजही म्हटल्या जातात.

त्याच्या मृत्यूनंतर देशभर जे उसळलं त्यात पक्षाचे लोक होतेच, पण पक्षाशी काडीचा संबंध नसलेले कलाकार त्याहून जास्त होते. त्याच जानेवारीत दिल्लीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. तिथे शबाना आझमी यांनी व्यासपीठावरून निषेधाचं निवेदन वाचलं. १२ एप्रिल, सफदरचा जन्मदिवस, पथनाट्य दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘सहमत’ची स्थापना झाली. ‘तमस’चे लेखक भीष्म साहनी तिचे अध्यक्ष. चित्रकार विवान सुंदरम, नाट्यदिग्दर्शक एम. के. रैना, छायाचित्रकार राम रहमान, गायक आणि अभ्यासक मदन गोपाल सिंग अशी नावं तिच्या कामाशी जोडली गेली. निधी उभा करायला ‘आर्टिस्ट्स अलर्ट’ नावाचं प्रदर्शन भरलं. चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकारांनी कामं दान दिली आणि ती विकून संस्थेचा पाया घातला गेला.

‘सहमत’चं वेगळेपण इथूनच दिसू लागतं. राजकीय गाणं म्हटलं की डोळ्यांपुढे डफ, बुलंद आवाज आणि घोषणेसारखं ध्रुवपद येतं. ते गाणं हवंच, त्याला तोड नाही. पण ख्याल गाणाऱ्या बाईंना, कथक नाचणाऱ्या कलावंताला, अमूर्त चित्रं काढणाऱ्याला राजकीय गाणं लिहा असं सांगून काय उपयोग? ‘सहमत’नं त्यांना फक्त या तारखेला, या जागी या असं म्हटलं. जे आयुष्यभर गात आलात तेच गा, पण इथे उभं राहून गा. भूमिका मग शब्दांतून नव्हे, तारखेतून, जागेतून आणि मंचावर शेजारी कोण बसलंय यातून उभी राहते. हे वरवर सोपं वाटतं, पण कलाकाराला त्यात बरंच काही पणाला लावावं लागतं. सरकारी महोत्सवाची आमंत्रणं, उद्योगपतींच्या बैठकी, परदेश दौरे यांवर जगणाऱ्या माणसासाठी कुठे गायलो हे काय गायलो याच्याइतकंच नोंदलं जातं.

त्याचं एक गोड उदाहरण १९९२ सालचं. दिल्लीतल्या ऑटोरिक्षांच्या पाठीवर शेर, दोहे, म्हणी लिहिण्याची चाल जुनीच. ‘सहमत’नं रिक्षाचालकांसाठी स्पर्धा लावली. जातीय सलोख्यावर ओळी रचा, आपल्या रिक्षामागे लिहा. शेकडो चालकांनी भाग घेतला. कविसंमेलनाला कधी न गेलेल्या माणसांची कविता मग शहरभर, सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक स्कूटरवाल्याच्या तोंडासमोर आली. हे साहित्यसंमेलनच होतं, फक्त त्याला मांडव नव्हता. त्या वर्षी देश कुठे चालला होता हे आठवलं की या स्पर्धेची निकड कळते.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. महिनाही उलटला नव्हता तोच, १ जानेवारी १९९३ ला, सफदरवरच्या हल्ल्याच्या स्मृतिदिनी, दिल्लीत ‘अनहद गरजे’ हा भक्ती आणि सूफी संगीताचा कार्यक्रम झाला, आणि मग तो आणखी शहरांत गेला. त्याच दिवसांत मुंबईत डिसेंबरची दंगल नुकतीच शमली होती आणि जानेवारीची, तिच्याहून भीषण, सुरू व्हायची होती.

भक्तिसंगीत का, हा प्रश्न डाव्या वर्तुळातच विचारला गेला. धर्माच्या नावानं चाललेल्या हिंसेला उत्तर देताना पुन्हा देवाधर्माचीच पदं का गायची? धर्मनिरपेक्ष संघटनेनं कबीराचा आधार घेणं म्हणजे समोरच्याच्या मैदानात उतरणं नाही का? ही शंका क्षुल्लक नव्हती. पण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ‘सहमत’चं पाऊल चटकन उमगतं. नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. शेख महंमदांचे अभंग वारकऱ्यांच्या परंपरेत आहेत. देवाचं नाव घेत घेतच पुरोहिताशी आणि काजीशी भांडणाऱ्यांची ही वंशावळ शेकडो वर्षांची आहे आणि ती लोकांच्या तोंडी आहे. ती सोडून देणं म्हणजे ती दुसऱ्याच्या हवाली करणं. मदन गोपाल सिंगांसारख्या गायकानं पंजाबी सूफी काव्य या मंचांवरून वर्षानुवर्षं ऐकवलं, तेव्हा श्रोत्यांना त्यात कुठलीही उसनवारी जाणवली नाही.

यापुढचं पाऊल सगळ्यात धाडसाचं. ऑगस्ट १९९३ मध्ये ‘सहमत’ अयोध्येत गेलं. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री, १४ ऑगस्टला, ‘राम की पैडी’वर ‘मुक्तनाद’ सुरू झाला आणि रात्रभर चालला. शरयूचं पाणी आत घेऊन बांधलेल्या या घाटांवर पायऱ्याच पायऱ्या आहेत. बसायला त्याहून चांगली जागा नाही. मशीद पडून आठ महिने झाले होते. शहरात पोलिसांचा पहारा होता, ज्या नावानं गावोगाव रक्त सांडलं त्याच नावाचा घाट होता, आणि त्याच्या पायऱ्यांवर शास्त्रीय गाणं, नृत्य, सूफी आणि भक्ती रचना यांची रात्र जागवली जात होती. दिल्लीहून आणि इतर ठिकाणांहून कलाकार आले होते. ऐकायला बाहेरून आलेले कार्यकर्ते होते, तसेच गावातले लोकही होते. ज्या गावाचं नाव वर्षभर घोषणांमध्ये भाल्यासारखं उगारलं गेलं, त्या गावातल्या माणसाला त्या रात्री कुणी काही पटवून देत नव्हतं. गाणं होतं, आणि ते आपल्याच घाटावर चाललंय एवढंच होतं.

त्याला जोडून ‘हम सब अयोध्या’ हे प्रदर्शन होतं. अयोध्येचा अनेक धर्मांनी मिळून घडवलेला इतिहास मजकूर आणि चित्रांच्या फलकांवर मांडलेला होता. त्यात बौद्ध अयोध्या होती, जैनांच्या तीर्थंकरांची अयोध्या होती, अवधच्या नवाबांच्या काळातली अयोध्या होती. प्रदर्शन अनेक शहरांत एकाच वेळी लागलं. १२ ऑगस्टला फैजाबादेत त्यावर हल्ला झाला आणि फलक फोडले गेले. वादाचं निमित्त झालं दशरथ जातकाचा उल्लेख असलेला फलक. पाली भाषेतल्या त्या बौद्ध जातककथेत राम आणि सीता ही भावंडं आहेत. रामकथेची रूपं किती आहेत हे दाखवायला तो फलक होता. संसदेत गदारोळ झाला, दिल्लीत प्रदर्शनावर पोलिसांची कारवाई झाली. जातककथा शतकानुशतकं ग्रंथालयांत आहे, विद्यापीठांत शिकवली जाते. तिच्यामुळे कुणाच्या श्रद्धेला धक्का बसल्याचं १९९३ पूर्वी ऐकिवात नव्हतं. फलक भिंतीवर आला आणि सर्वसामान्य माणसाच्या वाटेत उभा राहिला, तेव्हा तो चालेनासा झाला. ग्रंथातलं ज्ञान रस्त्यावर आणण्याची किंमत पथनाट्यवाल्यांना आधीच ठाऊक होती. इतिहासकारांना ती त्या महिन्यात कळली.

याच काळात ‘सहमत’वर आणखी एक आक्षेप घेतला गेला, आणि त्याचा विचार गांभीर्यानं व्हायला हवा. संस्थेनं आपल्या काही कार्यक्रमांसाठी केंद्र सरकारचं अनुदान घेतलं होतं. तेव्हा केंद्रात काँग्रेसचं सरकार होतं. सफदरचा जीव घेणारी मिरवणूक काँग्रेसच्या पाठिंब्यावरच्या उमेदवाराची होती. विरोधकांनी सरकारी पैशावर राजकारण चाललंय म्हणून बोट ठेवलं, तर मित्रांपैकी काहींना हे पैसे घ्यावेत का याचीच टोचणी होती. मार्क्सवादी पक्षाशी संस्थेचं नातं किती जवळचं असावं, यावरही कलाकारांमध्ये मतभेद राहिले. या प्रश्नांना एकच सरळ उत्तर नाही. सार्वजनिक पैसा सार्वजनिक सलोख्यासाठी मागणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि देणाऱ्याचा हात कधी ना कधी आवळला जातो हेही खरं आहे. ‘सहमत’चा खरा टेकू कलाकारांच्या देणग्यांचा आणि फुकट दिलेल्या वेळाचा राहिला, म्हणून सरकारं बदलली तरी ती टिकली. याच कारणासाठी संस्थेचं १९८९ सालचं ते पहिलं प्रदर्शन महत्त्वाचं.

पुढच्या वर्षांतल्या अनेक उपक्रमांचा धावता उल्लेखच इथे शक्य आहे. १९९५ मध्ये कलाकारांनी गांधींवर पोस्टकार्डं केली. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, १९९७ मध्ये, ‘गिफ्ट फॉर इंडिया’ झालं. गुजरातमधल्या २००२ च्या हिंसेनंतर विवान सुंदरम यांनी ‘वेज ऑफ रेझिस्टिंग’ हे प्रदर्शन घडवलं. पण एका प्रसंगाशी थांबायला हवं. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीत मोठा कला मेळा भरला आणि त्यात एम. एफ. हुसेन यांची चित्रं ठेवली गेली नाहीत. हल्ल्याची भीती हे कारण. हुसेन तेव्हा देशाबाहेर होते, त्यांच्यावर खटल्यांचा आणि धमक्यांचा वर्षाव चालू होता. ‘सहमत’नं त्याच दिवसांत आपल्या आवारात हुसेन यांच्या कामाच्या प्रतिकृतींचं आणि छायाचित्रांचं छोटं प्रदर्शन लावलं. मेळ्याच्या तुलनेत ते फारच लहान होतं, आणि त्याची २४ ऑगस्टला तोडफोड झाली. मोठ्या गॅलऱ्यांकडे सुरक्षारक्षक होते, विमा होता. जोखीम मात्र छोट्या खोलीनं घेतली. हुसेन २०११ मध्ये लंडनला वारले, भारतात न परतता.

सफदरच्या खुनाचा निकाल लागायला चौदा वर्षं गेली. २००३ मध्ये गाझियाबादच्या न्यायालयानं दहा जणांना दोषी ठरवलं आणि जन्मठेप सुनावली. त्या चौदा वर्षांत झंडापुरात एकही १ जानेवारी कोरडा गेला नाही. २०१३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या स्मार्ट म्युझियममध्ये ‘सहमत’च्या जवळपास पंचवीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. जेसिका मॉस आणि राम रहमान यांनी ते रचलं. संग्रहालयात जाणं हा सन्मानच आहे, पण रिक्षाच्या पाठीवरच्या ओळी काचेमागे ठेवल्यावर त्यांतला धूर आणि हॉर्न निघून जातो, हेही कबूल करायला हवं.

जी गोष्ट काचेमागे जाऊ शकत नाही ती ‘जनम’नं पश्चिम दिल्लीतल्या शादी खामपूरमध्ये उभी केली. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. १२ एप्रिल २०१२ ला तिथे ‘स्टुडिओ सफदर’ सुरू झाला. काळ्या भिंतींची छोटी नाट्यजागा, तालमींना आणि प्रयोगांना परवडणाऱ्या भाड्यात मिळणारी. लगेच १ मे ला शेजारी ‘मे डे’ हे पुस्तकांचं दुकान उघडलं. कामगार दिनी तिथे दिवसभर गाणी आणि कवितावाचन व्हायचं, जुनी पुस्तकं स्वस्तात मिळायची. मध्यवर्ती दिल्लीच्या सभागृहांत जाणारा वर्ग इथे आला, आणि गल्लीतली मुलंही दारातून डोकावून आत आली. ‘सहमत’च्या हिरवळीवर कामगार कमी दिसतात, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. ‘स्टुडिओ सफदर’ तिला दिलेलं अपुरं पण प्रामाणिक उत्तर होतं.

आणि रस्त्यावरचं नाटक चालूच राहिलं. ‘जनम’चा प्रयोग पाहिला नसेल त्याच्यासाठी थोडं. चमू येतो, डफ-ढोलक वाजू लागतं, दोन-चार घोषणा किंवा गाण्याचा मुखडा. माणसं थबकतात. कलाकार हातानं खुणा करत त्यांना मागे सारतात, पुढच्यांना खाली बसवतात, आणि बघता बघता गोल तयार होतो. चारही बाजूंनी प्रेक्षक, म्हणून कलाकाराला पाठ कुणाकडेच फार वेळ ठेवता येत नाही. आवाज ट्रकच्या आणि भोंग्याच्या वर चढवायचा. अर्ध्या तासात खेळ संपतो आणि मग चादर फिरते. दहा-वीसच्या नोटा, नाणी तिच्यात पडतात. नाटक कुणाचं आहे हे त्या चादरीत ठरतं, म्हणून पैसे थोडे असले तरी ती फिरवणं ‘जनम’नं टाळलं नाही.

या सगळ्याला एक ठळक मराठी धागा आहे. १ जानेवारी १९८९ ला झंडापुरात ‘हल्ला बोल’मध्ये काम करणाऱ्यांत एक तरुण होता सुधन्व देशपांडे, जेएनयूमध्ये शिकवणारे मराठी नाटककार गो. पु. देशपांडे यांचा मुलगा. तो त्या हल्ल्यातून वाचला, ‘जनम’मध्ये राहिला, दिग्दर्शक झाला, लेफ्टवर्ड या प्रकाशनसंस्थेचा संपादक झाला. २०२० मध्ये त्यानं त्या सकाळीवर आणि सफदरच्या आयुष्यावर ‘हल्ला बोल’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्यात सफदर पुतळा होऊन उभा राहत नाही, हसतो, चिडतो, सिगारेटी ओढतो, मित्रांना तालमीला वेळेवर यायला बजावतो. ते पुस्तक इतर भारतीय भाषांतही गेलं, आणि पथनाट्य करणाऱ्या आजच्या पोरांच्या झोळीत ते असायलाच हवं.

गो. पुं.नी जोतीराव फुल्यांवर ‘सत्यशोधक’ लिहिलं. ‘जनम’नं ते हिंदीत रंगमंचावर आणलं. दिल्लीच्या कामगार चळवळीतून वाढलेल्या मंडळींनी महाराष्ट्राचा फुले हिंदीत उभा केला, तर मराठी ‘सत्यशोधक’ २०१२ मध्ये पुण्यात एका वेगळ्याच चमूनं हाती घेतलं. अतुल पेठे दिग्दर्शक होते आणि नटांत होते पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार. पुणे महानगरपालिका कामगार युनियन या प्रयोगामागे उभी राहिली. बहुतेकांनी त्याआधी रंगमंचावर पाऊल ठेवलेलं नव्हतं. झाडू-घमेल्याचं काम, घरची धावपळ आणि पाळ्या सांभाळून पाठांतर आणि तालमी झाल्या. पुण्यात, जोतीराव-सावित्रीबाईंच्या गावात, शहराचा कचरा उचलणारे लोक सत्यशोधक समाजाची गोष्ट सांगायला उभे राहिले आणि मग नाटक घेऊन महाराष्ट्रात फिरले. गो. पु. ऑक्टोबर २०१३ मध्ये गेले. आपल्या नाटकातली वाक्यं ज्यांच्या तोंडी असावीत त्यांच्या तोंडी त्यांना ती ऐकता आली.